शेवट असलेल्या सवयी

महाड तालुक्यातल्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय नेहमीचाच, ‘मोबाइल : शाप की वरदान’. आमच्या वेळी मोबाइलच्या जागी विज्ञान असे, एवढाच फरक. मुले धीटपणे बोलली, उच्चार स्वच्छ, हातवारे बसवलेले. आणि एकामागून एक वक्ता शेवटी त्याच वाक्यावर येत होता. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही कापता येतो, त्यात सुरीचा काय दोष? तंत्रज्ञान चांगलेही नसते, वाईटही नसते. वापरणारा चांगला किंवा वाईट असतो. दर वेळी टाळ्या पडल्या.

मुलांविषयी माझी काही तक्रार नाही. हे वाक्य त्यांना आपणच दिले आहे. पालकसभेत ते ऐकू येते, अग्रलेखात भेटते, हल्ली कीर्तनातही येते. ते उच्चारले की वक्ता समतोल ठरतो आणि विषय मिटतो. मला हे वाक्य घातक वाटते ते याच कारणाने. बाकीच्या मतांची एवढी भीती वाटत नाही. पिढी बिघडली म्हणून गळा काढणारे नाटक-सिनेमाच्या काळातही होते. आठवडाभर फोन बंद ठेवून डोंगरातल्या रिसॉर्टवर राहून येणे ही सुट्टी झाली, त्याने सवय बदलत नाही. मेंदूतल्या रसायनांची नावे सांगणाऱ्यांना पुढे काय करायचे ते सांगता येत नाही. सुरीवाल्यांचे मात्र तसे नाही. त्यांचे म्हणणे खरे वाटते, आणि म्हणूनच त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

स्पर्धेनंतर तिथूनच शिवथरघळीला गेलो. महाडहून वरंध घाटाच्या रस्त्याने निघून बारसगावला वळले की खोरे सुरू होते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी तीन शिवथरे. घळ कुंभे शिवथरच्या बाजूला आहे. समर्थांनी इथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला असे परंपरा मानते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही जागा पुन्हा उजेडात आणली. जागेविषयीचे वाद जाणकारांना ठाऊक आहेत, त्यांत मी शिरत नाही. मला सांगायचे आहे ते तिथे बसून पारायण ऐकताना ठळकपणे जाणवलेल्या एका गोष्टीविषयी.

पावसाळ्यात घळीशेजारी धबधबा कोसळत असतो. आत वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो आणि ऐकणाऱ्याला पुढे सरकून बसावे लागते. पोथी समोर, बोट ओळीवर. दासबोधाचे वीस दशक, प्रत्येक दशकाचे दहा समास, म्हणजे दोनशे समास. ओव्या साडेसात हजारांहून अधिक. एवढा मोठा ग्रंथ, पण तो तुकड्यातुकड्यांनी संपत जातो. प्रत्येक समासाच्या अखेरीस ग्रंथाचे नाव, समासाचे नाव आणि त्याचा क्रमांक सांगणारी एक ओळ येते. त्या ओळीपाशी वाचणाऱ्याची गती मंदावते. ऐकणारे हात जोडतात, कुणी पाय मोकळे करतो, कुणी मागे वळून पाऊस बघतो. मग वाचणारा विचारतो, पुढचा घ्यायचा का? कधी घेतात, कधी घेत नाहीत. हा प्रश्न विचारायला तिथे जागा आहे आणि ग्रंथाच्या रचनेनेच ती ठेवलेली आहे.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा चालाव्यात, कडेला कोरी जागा का सोडावी, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत. त्यातली एक मला सर्वांत मोलाची वाटते. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे. पहिले अक्षर काढतानाच ज्याच्या डोळ्यांपुढे शेवटचे पान आहे, त्यालाच असे लिहिता येईल.

घळीबाहेर धबधब्यापाशी पर्यटक तरुण रील करत होते. त्यांना नावे ठेवायला हल्ली कोणीही पुढे येतो. मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत होतो. एकाने जागा निवडली, दुसऱ्याने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून धरला. पाण्याचे तुषार काचेवर येत, ते पुसून पुन्हा घेतले. गाणे कोणते लावायचे यावर वाद झाला. शेवटी अर्ध्या मिनिटाचे काहीतरी तयार झाले, सगळ्यांनी डोकी जवळ आणून पाहिले आणि फोन खिशात टाकून ते वडापाव खायला निघून गेले. त्यांनी केले ते पूर्ण झालेले काम होते. त्याला सुरुवात होती, मेहनत होती आणि शेवट होता. तीच अर्ध्या मिनिटाची चित्रफीत त्या रात्री कुणा अनोळखी मुलाच्या हातात जाईल, तेव्हा ती एका कधीच न संपणाऱ्या माळेतला मणी झालेली असेल. करणाऱ्याला शेवट मिळाला, पाहणाऱ्याला मिळत नाही.

माझ्या मते आजच्या सगळ्या चर्चेत हा एकच भेद कामाचा आहे. आपल्या काही सवयींना त्यांच्या घडणीतच शेवट असतो आणि काहींचा शेवट काढून टाकलेला असतो. चांगले-वाईट, ज्ञान-करमणूक, मराठी-इंग्रजी, जुने-नवे हे भेद यापुढे दुय्यम आहेत. दिवसाला किती तास, हा हिशेबसुद्धा दुय्यम आहे. दोन तासांचा सिनेमा पाहिलेला मनुष्य उठतो तेव्हा त्याने सिनेमा पाहिलेला असतो. दोन तास अंगठा वर सरकवलेल्या माणसाचे काहीच पाहून झालेले नसते.

आणि हा शेवट आपोआप नाहीसा झालेला नाही. पूर्वी संकेतस्थळावर पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागे. त्या क्षणी हात थांबे आणि मनुष्य ठरवू शके. २००६ च्या सुमारास अझा रास्किन या रचनाकाराने ते थांबणे काढून टाकणारी अखंड यादी तयार केली. तिच्या परिणामांबद्दल पुढे त्याने स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. मग पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होऊ लागला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील भारतात सुरू झाले. ॲप गेले, अखंड यादी राहिली.

आता सुरीकडे वळतो. भाजी चिरून झाली की सुरी जिथे ठेवाल तिथे पडून राहते, कारण भाजी संपते. सुरीला तुमचा हात ओळखू येत नाही. काल तुम्ही कांद्यापाशी जरा जास्त थांबलात म्हणून आज ती तुमच्यापुढे आणखी कांदे आणून टाकत नाही. सुरी करणाऱ्या लोहाराला तिची किंमत एकदाच मिळते. ती तुमच्या हातात किती वेळ राहिली यावर त्याचे पोट अवलंबून नसते. अखंड यादीच्या बाबतीत यातले काहीही खरे नाही. अंगठा कुठे रेंगाळला ते ती नोंदवते, त्यावरून पुढचे मांडते, आणि तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती विकल्या जातात. अशा वस्तूला तटस्थ म्हणणे म्हणजे तिच्या मालकाची बाजू घेणे आहे, म्हणणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो.

यावर सुरीवाल्यांचे तयार उत्तर असते. त्याच फोनवर आई मुलाशी बोलते, त्याच फोनवर शेतकरी हवामान बघतो, मग दोष फोनचा कसा? अगदी बरोबर, फोनचा नाहीच. पोलादपुरातली म्हातारी नालासोपाऱ्यातल्या मुलाचा चेहरा रोज रात्री पाहते, हे या काळाचे मोठे देणे आहे. गिरणीत नोकरीला गेलेल्या त्याच्या आजाचा निरोप मनिऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळींत येई आणि तोही पोस्टमनकडून वाचून घ्यावा लागे. आजच्या त्या बोलण्याला मी एका शब्दाने नाव ठेवणार नाही. पण ते बोलणे संपते, हेही बघा. ‘ठेवू का रं बाबा, भाकरी टाकायच्या हाईत,’ असे म्हातारी म्हणते आणि फोन ठेवते. कागदावर पोथी छापतात आणि मटक्याची चिठ्ठीही लिहितात. म्हणून कागद तटस्थ आहे असे म्हणून कोणी मटक्यावरची चर्चा थांबवत नाही. फोन हा इथे कागद आहे. वाद त्यावरच्या एका विशिष्ट रचनेचा आहे आणि ‘साधन’ हा मोघम शब्द वापरून तिच्यावर पांघरूण घातले जाते.

मग उरतो इच्छाशक्तीचा मुद्दा. ज्याला थांबायचे तो थांबतो, असे म्हणतात. थांबणारे आहेत, हे मान्य. पण आठवीतल्या मुलाला जगातल्या हुशार अभियंत्यांच्या समोर एकट्याने उभे करायचे आणि तो हरला की त्याच्या संस्कारांची चौकशी करायची, याला न्याय म्हणत नाहीत. पारायणाला बसणाऱ्याला समासाच्या अखेरीस उठायला इच्छाशक्ती लागत नाही. तिथे थांबा बांधलेलाच असतो.

आपल्या जुन्या करमणुकीही रात्र रात्र चालत, मग त्यांना कुठे शेवट होता, असे कोणी विचारील. होता. गौरी-गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात. मधे बुवा, ढोलकी आणि झांज, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे. शक्ती आणि तुरा अशा दोन बाजू. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब. रात्र सरते, पण प्रत्येक बारीला शेवट असतो, आणि नाचणाऱ्याचे पाय, गाणाऱ्याचा गळा आणि दुसऱ्या दिवशीचे शेत मिळून सगळ्याचाच शेवट ठरवतात. आता शक्ती-तुऱ्याचे सामने यूट्यूबवर येतात, मुंबईतले चाकरमानी ते लोकलमध्ये बघतात, आणि मला त्याचा आनंद वाटतो. मुद्दाम शोधून लावलेला सामना संपतोही. दूरदर्शनवर १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी गाव टीव्हीवाल्या घराच्या ओटीवर जमे आणि भाग संपला की पांगे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली, तिच्यावर टीकाही खूप झाली. पण त्या दिवसापुरती तीसुद्धा अर्ध्या तासात संपत होती आणि बायका उठून पाने घेत होत्या.

शेवटाचे हे मोल सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने कोणत्याही तज्ज्ञाआधी ओळखले असे मी मानतो. २०२२ च्या ऑगस्टपासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल दीड तास बाजूला ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. शहरातल्या काही विद्वानांना यात सक्ती दिसली. मला त्यात वेगळेच दिसले. कंपनीने काढून घेतलेला शेवट गावाने बाहेरून आणून बसवला. भोंगा सगळ्यांना एकदम ऐकू येतो, त्यामुळे कोणत्याही एका आईला वाईटपणा घ्यावा लागत नाही आणि कोणत्याही एका पोराला आपण एकटेच वंचित राहिलो असे वाटत नाही.

तरीही भोंग्याला मर्यादा आहे. तो दीड तासापुरता आहे आणि गावाची वेस ओलांडत नाही. विरारच्या चाळीत किंवा पुण्याच्या सोसायटीत तो कोण वाजवणार? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. आपल्याकडच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दोन्ही वय विचारतात, रचनेला हात घालत नाहीत. सोळावे किंवा अठरावे वर्ष लागले म्हणून न संपणारी यादी संपू लागत नाही, आणि चाळिशीतल्या बापाचा अंगठा मुलाच्या अंगठ्याइतकाच हतबल असतो.

म्हणून मागणी रचनेविषयीच हवी. अखंड यादी आणि आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ हे दोन्ही मुळात बंद असावेत. ज्याला हवे असतील त्याने ते स्वतः सुरू करावेत. पान संपावे, आणि पुढे जायचे का हा प्रश्न माणसाला विचारला जावा. यात कोणाचे स्वातंत्र्य जात नाही. येत्या २ ऑक्टोबरला गावोगावच्या ग्रामसभा भरतील. शिवथर खोऱ्यातल्या तिन्ही गावांनी, महाड-पोलादपूरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या गावात एवढाच ठराव मांडावा आणि मंजूर करून केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे पाठवावा.