कापलेला डोंगर आणि प्रायश्चित्ताची मर्यादा

डोंगर कापून रस्ता काढल्यावर जो उतार उघडा पडतो, त्यावर माती पुन्हा टिकावी आणि गवत-झुडपे रुजावीत यासाठी केल्या जाणाऱ्या कामाला अभियंते उतारांचे संरक्षण म्हणतात. या कामाची चर्चा बहुधा खर्च, सुरक्षितता आणि पावसाळ्यातील वाहतूक एवढ्यापुरती होते. तथापि त्याच्या तळाशी धर्मशास्त्राला फार पूर्वीपासून परिचित असलेला एक प्रश्न आहे: जाणूनबुजून केलेल्या हानीचे परिमार्जन केल्याने ती हानी पुसली जाते काय, आणि जात नसेल, तर परिमार्जनाने नेमके काय साधते?

प्रथम हानीचे स्वरूप पाहिले पाहिजे. कोकणातील अनेक डोंगरांवर वर सच्छिद्र जांभा, त्याखाली मऊ चिकण थर आणि त्याखाली काळा पाषाण अशी रचना आढळते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून चिकण थराशी अडते, आणि डोंगराचा पायथा रस्त्यासाठी कापलेला असेल, तर वरच्या भाराला खालून मिळणारा आधार नेमका याच वेळी नाहीसा झालेला असतो. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण चालू असताना दरडींच्या धोक्यामुळे 2022 मध्ये वाहतूक बंद ठेवण्याची वेळ आली, ती अशाच कापलेल्या उतारामुळे. दरड डोळ्यांना दिसते; तिच्याआधी घडलेली हानी मात्र सहसा दिसत नाही. वरची वीतभर माती म्हणजे केवळ भुगा झालेला दगड नसून तीत कुजलेला पाला, बियांचा साठा, गांडुळे आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांचा शेकडो वर्षांत जुळून आलेला संसार असतो, आणि यंत्राच्या एका दिवसाच्या कामात तो मुरुमाखाली गाडला जातो.

भूमी खणण्यातील या दोषाची जाणीव भारतीय परंपरेत प्राचीन आहे. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्तात खणणारा मनुष्य भूमीपाशी दोन गोष्टी मागतो: जे खणले जाईल ते लवकर पुन्हा उगवावे, आणि खणताना तिच्या मर्मावर घाव बसू नये. मर्म म्हणजे ज्या ठिकाणी आघात झाला असता जीव दगावतो ते स्थान. या प्रार्थनेत खणण्याला मनाई नाही, कारण खणल्यावाचून शेती नाही, विहीर नाही आणि घरही नाही. मात्र भरून येणारी जखम आणि मर्मावरचा घाव यांत तिने भेद केला आहे. रस्त्याच्या संदर्भात या भेदाला अगदी व्यावहारिक अर्थ आहे. गवताची मुळे वरच्या थराला धरून ठेवतात. वाळ्यासारख्या गवताची मुळे तीन-चार मीटरही खोल जातात. पण घसरणीची पातळी त्याहून खोल असेल, तर कोणतीही लागवड तो डोंगर सावरू शकत नाही. तेथे मर्मच दुखावलेले असते.

हानीनंतर काय करावे, हा प्रायश्चित्ताचा विषय होय. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात फळझाडे, झुडपे आणि वेली तोडल्याबद्दलही प्रायश्चित्त सांगितले आहे. अधिक मूलगामी विचार याज्ञवल्क्यस्मृतीत आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेत सापडतो. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. बुद्धिपुरस्सर केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र कर्ता प्रायश्चित्ताने केवळ 'व्यवहार्य' होतो, म्हणजे इतरांनी त्याच्याशी पुन्हा संबंध ठेवावा एवढी पात्रता त्याला लाभते. विज्ञानेश्वराने पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत, एक नरकाला नेणारी आणि दुसरी समाजातील व्यवहार रोखणारी. जाणूनबुजून केलेल्या पापाची यांपैकी दुसरीच शक्ती प्रायश्चित्ताने हटते. या साऱ्या चर्चेचा विस्तृत परामर्श महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953 मधील चौथ्या खंडात घेतला आहे, आणि काण्यांचे जन्मगाव परशुराम घाटालगतचे पेढे हेच होय.

महामार्ग अजाणता कापला जात नाही. त्याची मोजणी होते, नकाशे होतात, मंजुरी मिळते. म्हणून उतारावर गवत लावणाऱ्याला पूर्वीचा डोंगर परत दिल्याचा दावा करता येत नाही. त्या भूमीशी पुन्हा संबंध ठेवण्याची पात्रता मिळवणे, एवढेच त्याला साध्य आहे. शिवाय हा कर्ता एकटा नाही. आपस्तंब धर्मसूत्राने प्रवृत्त करणारा, अनुमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा अशा तिघांनाही कर्मफलाचे वाटेकरी मानले आहे. त्या न्यायाने रुंद रस्त्याची मागणी करणारा प्रवासीही ठेकेदाराबरोबर या प्रायश्चित्ताशी बांधलेला ठरतो.

आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. रॉबर्ट एलियट यांनी 1982 मध्ये पुनर्स्थापित निसर्गाची तुलना नकली चित्राशी केली. चित्र हुबेहूब असले तरी त्याचा उगम वेगळा, म्हणून मूल्यही वेगळे, असा त्यांचा युक्तिवाद होता. एरिक कॅट्झ यांनी 1992 मध्ये पुढे जाऊन असा निसर्ग ही मानवनिर्मित वस्तूच होय असे प्रतिपादन केले. सह्याद्रीला हा युक्तिवाद अर्धाच लागू पडतो. येथील उतारांवर शतकानुशतके गुरे चरली, राबासाठी फांद्या तोडल्या गेल्या, देवरायाही माणसांच्या श्रद्धेने राखल्या गेल्या; त्यामुळे मानवी स्पर्शाने मूल्य नष्ट होते हे गृहीतक येथे टिकत नाही. मात्र भरपाईचे आश्वासन हाताशी असले की तोड स्वस्त वाटू लागते, हा त्या युक्तिवादातून निघणारा इशारा खरा आहे. आधीच प्रायश्चित्ताची तरतूद करून मग पाप करणे, याला कोणतेही शास्त्र प्रायश्चित्त म्हणणार नाही.

खऱ्या परिमार्जनाची लक्षणे यावरून ठरवता येतात. ते खोदाईच्या आधी सुरू होते, कारण वरची माती प्रथम काढून वेगळी राखली नाही, तर नंतर पसरायला काहीच उरत नाही. उताराला पायऱ्या देणे, माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवणे, ताग किंवा काथ्याची जाळी अंथरून तिच्याखाली स्थानिक गवताचे बी धरवणे, ही त्यातील पुढची कर्मे होत. जेथे डोंगर खोलवर दुखावला आहे तेथे लोखंडी खिळे आणि सिमेंटचा लेप टाळता येत नाही, आणि हे मान्य करणे हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे. याउलट सुबाभूळ, गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून दोन वर्षांत दाखवलेली हिरवाई पाहणाऱ्याचे समाधान करते. धायटी, करवंद आणि कारवी यांनी जोडलेला संसार तिच्याने उभा राहत नाही.

प्रायश्चित्ताला कालावधी असतो आणि तो कर्त्याच्या सोयीने ठरत नाही. सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढून माती धरणारी कारवी साधारणपणे सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरून मरते, आणि पुढच्या पावसात त्या बियांतून नवी पिढी उगवते. म्हणून एखाद्या कापलेल्या उतारावर माती खरोखर परतली की नाही, याचा निर्णय लावलेली कारवी एकदा फुलून मेल्यानंतर आणि तिची रोपे आपोआप उगवल्यानंतरच देता येतो.