पृथ्वीच्या पोटातील प्रयोग आणि प्रतीत्यसमुत्पाद



वर्षावासात आपल्या विहाराविहारांतून प्रतीत्यसमुत्पादावर प्रवचने होतात. जगात कोणतीही गोष्ट कारणावाचून उत्पन्न होत नाही, आणि एकाच कारणातूनही उत्पन्न होत नाही, हे आपण ऐकतो व मान डोलावतो. दुःख कशातून निर्माण होते, तृष्णा कशातून निर्माण होते, याचा विचार आपण करतो. पण ज्ञान कशातून निर्माण होते, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जणू ज्ञान तेवढे आकाशातून पडते!

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या पाठ्यपुस्तकांत अमुक शास्त्रज्ञाने अमुक साली अमुक शोध लावला, असे वाक्य असते व तेथेच पूर्णविराम येतो. धम्माच्या कसोटीवर हे वाक्य अपुरे आहे. एका कार्याचे एकच कारण सांगून बाकीची गाळलेली आहेत. आज आपण एकच शोध घेऊ आणि त्याची गाळलेली कारणे मोजून पाहू.

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी आपण ऐकून आहात. त्या जगातील अतिशय खोल खाणींत गणल्या जात. त्याच खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने न्यूट्रिनो नावाच्या कणाचा शोध घेतला. न्यूट्रिनो हा अत्यंत सूक्ष्म कण. त्याला विद्युतभार नाही. तो सबंध पृथ्वीतून आरपार जातो आणि वाटेत क्वचितच कशाला धडकतो. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळतात तेव्हा अनेक प्रकारचे कण तयार होतात आणि ते आपल्या सर्वांच्या अंगावर रात्रंदिवस बरसत असतात. या वर्षावात न्यूट्रिनोची चाहूल घेणे म्हणजे धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवरील लाखोंच्या गर्दीत दूरच्या माणसाची कुजबुज ऐकण्यासारखे आहे. त्यावर उपाय एकच. गर्दी थांबेल अशा ठिकाणी जायचे. खडकाचा जाड थर बाकीचे कण अडवतो, न्यूट्रिनो तेवढा पार होतो. म्हणून वैज्ञानिकांना पृथ्वीच्या पोटात जावे लागले.

डॉ. होमी भाभांच्या प्रेरणेने बी. व्ही. श्रीकंटन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी कोलारच्या खाणीत उपकरणे नेली. पुढे १९६० च्या दशकात सुमारे २७६० मीटर खोलीवर उपकरण दोन महिने चालू ठेवले, तरी वरून येणारा एकही कण नोंदला गेला नाही. इतकी शांत जागा मिळाल्यावर न्यूट्रिनोचा प्रयोग करावा असे ठरले. १९६५ साली चॅम्पियन रीफ खाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर, मुंबई, जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम येथील वैज्ञानिकांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली व ऑगस्ट १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळील ईस्ट रँड येथील सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, हीच नोंद केली. पहिला मान कोणाचा, हा वाद आपण वैज्ञानिकांवर सोडून देऊ.

आता कारणे मोजू. अवकाशातील किरण हे कारण. खडक हे कारण. उपकरणे, गणित, वैज्ञानिकांची चिकाटी ही कारणे. पण बांधवहो, सव्वादोन किलोमीटर खडकाखाली माणसाला उभे राहता येईल अशी मोकळी जागा कोठून आली? निसर्गाने ती दिली नव्हती. १८८० पासून माणसांनी ती हात-हात खोदत नेली. खडकाला भोक पाडायचे, त्यात सुरुंग ठासायचा, उडवायचा. धूर विरला की फुटलेला दगड उपसून गाडीत भरायचा. छताला पहारीने ठोकून आवाज ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर दगड पक्का, बद्द आला तर सैल. सैल असेल तो आधी पाडायचा, नाहीतर तो कोणाच्या तरी डोक्यावर येणार. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही; ते कानात आणि मनगटात साठते. ये आणि स्वतः पाहा, या तथागतांच्या शिकवणीचा अर्थ त्या छताखाली उभ्या असलेल्या माणसाला वेगळा समजवावा लागत नसे.

तेथील खोल भागात खडकाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. वरच्या प्रचंड भाराने खडक कधी कधी अचानक तोफेसारखा फुटतो, आणि तेथे असलेला माणूस बाहेर येत नाही. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसे दगडासारखी होतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, आणि कोलारच्या कामगारांत तो मोठ्या प्रमाणावर आढळला. १९८० साली त्याच खाणीत प्रोटॉन या कणाचा क्षय होतो काय हे पाहण्यासाठी सुमारे १४० टनांचे, लोखंडी नळ्यांचे उपकरण उभारले गेले. त्या सुमारे १६०० नळ्या खाणीच्या उभ्या विहिरीतून खाली न्याव्या लागल्या. त्यासाठी पाळणा चालवणारे, रूळ टाकणारे, छत सांभाळणारे, पाणी उपसणारे आणि वारा खेळता ठेवणारे हात लागले. हे हात एक पाळी थांबले असते तर विज्ञानही त्या पाळीपुरते थांबले असते.

हे हात कोणाचे होते? कोलारच्या खाणीत खाली उतरणारे बहुसंख्य लोक उत्तर अर्काट, चित्तूर या भागांतून आलेले तमिळ अस्पृश्य समाजाचे होते. इंग्रज साहेबांचे बंगले टुमदार, आणि कामगारांच्या वस्तीत एकमेकांना चिकटलेल्या झोपड्या. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत खाली उतरणारे कृष्णवर्णीय होते. १९६५ साली तेथे वर्णभेदाचा कायदा होता आणि आपल्याच देशात फिरण्यासाठी त्यांना परवान्याचे पुस्तक बाळगावे लागे. दोन खंड, दोन सोन्याच्या खाणी, एकच वर्ष आणि एकच कण! दोन्हीकडे सर्वांत खोल जाणारा माणूस तोच, ज्याला समाजाने सर्वांत खाली ठेवले होते. याला योगायोग म्हणता येईल काय? जमिनीवर ज्याला जागा नाकारली जाते, तोच जमिनीखाली जायला तयार होतो. गावच्या वेठबिगारीपेक्षा खाणीतील आग बरी, कारण तेथे निदान रोख मजुरी मिळते, असे ज्याला वाटावे लागले, त्याच्या गावाची कल्पना करा.

कोणी म्हणेल, त्यांना मजुरी मिळाली, हिशेब पुरा झाला. बांधवहो, मजुरीने त्या दिवसाच्या घामाचा हिशेब होतो. कार्य-कारणाचा हिशेब मजुरीने मिटत नाही. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पदवीच्या कागदावर नाव माझ्या एकटीचे आहे. पण ज्या आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपून माझी फी भरली, ती त्या पदवीचे कारण नाही काय? शेतमालकाने तिला मजुरी दिली म्हणून माझे ऋण फिटत नाही. वैज्ञानिकांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. तेही त्याच पाळण्यातून उतरले, त्याच उष्म्यात बसले. दोष आहे तो त्या व्यवस्थेचा, जी कामाची वाटणी करून थांबत नाही, तर काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड रचते आणि हात एका जातीचे, डोके दुसऱ्या जातीचे, असे ठरवून टाकते.

पण ते केवळ हात नव्हते. त्यांना डोके होते, आणि त्या डोक्याने काय केले ते प्रत्येक बौद्धाने जाणून घ्यावे. पंडित अयोती दास (१८४५–१९१४) यांनी १८९८ साली श्रीलंकेत जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधीची ही घटना आहे! आपण मुळचे बौद्ध आहोत आणि बौद्ध होतो म्हणूनच आपल्याला अस्पृश्य केले गेले, असा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा कोलारच्या खाणवस्तीत उभी राहिली. १९०७ साली त्यांनी सुरू केलेले ‘तमिळन’ हे साप्ताहिक त्यांच्या निधनानंतर बंद पडले. ते पुढे १९२६ साली कोलारच्या खाणवस्तीतूनच जी. अप्पादुरै यांनी पुन्हा चालविले. दिवसभर पृथ्वीच्या पोटात राबणाऱ्यांच्या वस्तीत संध्याकाळी धम्माचे वाचन होत होते! त्याच दक्षिणेतील चळवळीत पी. लक्ष्मी नरसू होते. ते पेशाने विज्ञानाचे प्राध्यापक. त्यांचा बौद्ध धम्मावरील १९०७ सालचा इंग्रजी ग्रंथ पूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतः प्रस्तावना लिहून पुन्हा प्रसिद्ध केला. विज्ञान, श्रम आणि धम्म हे तिन्ही तेथे एका अंगणात आले होते. १९६५ साली ज्या वस्तीच्या पायाखाली न्यूट्रिनो नोंदला गेला, त्या वस्तीने कार्यकारणभावाचा सिद्धान्त त्याआधी अर्धे शतक स्वीकारलेला होता. तरीही त्या वस्तीतील मुलगा उपकरणाच्या खोलीपर्यंत गेला तो बहुधा सामान उचलण्यासाठी. ही गोष्ट आपल्या मनाला लागली पाहिजे.

बोधिसत्त्व बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळसा खाणींत गेले आणि खाली उतरून त्यांनी काम पाहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. कार्यालयात बसून अहवाल वाचता आला असता. पण ज्याला दुःखाचे कारण पाहायचे आहे त्याने दुःख जेथे आहे तेथे उतरावे लागते. प्रज्ञा आणि करुणा यांची फारकत न होऊ देणे याला म्हणतात.

विज्ञानाकडून आपण शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रोटॉनच्या क्षयासारख्या काही घटना दिसल्याचे कोलारच्या गटाने १९८० च्या दशकाच्या आरंभी जाहीर केले. इतर देशांतील मोठ्या उपकरणांना तसे काही आढळले नाही, आणि जगाने तो दावा मान्य केला नाही. वडील माणसे सांगतात म्हणून माना, असे कोणी म्हटले नाही. ही रीत कालामांना केलेल्या उपदेशाशी जुळणारी आहे. एक कण खरोखर फुटला की नाही यासाठी जर इतकी कसून तपासणी होते, तर ज्या खोलीत तो मोजला ती कोणी खोदली आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, याची तपासणी का होऊ नये?

पुढे काय झाले? १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रयोग थांबले. २००१ साली खाणीही बंद झाल्या. सोन्याबरोबर वर आलेल्या दगडाच्या चुऱ्याचे डोंगर वस्तीशेजारी उरले. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरे. खाण कामगारांची मुले पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामासाठी जाऊ लागली. न्यूट्रिनोसाठी नवे भुयार तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील डोंगराखाली खोदण्याच्या योजनेला २०१५ साली केंद्र सरकारने मान्यता दिली. तो प्रकल्प गावकऱ्यांचा विरोध, परवाने आणि न्यायालय यांत अडकला. अशी भुयारे खोदावी की नाही, यावर शहाण्या माणसांत मतभेद असू शकतात. माझे म्हणणे एवढेच की, भुयार कोठेही खोदा, पण खोदणाऱ्याची फुप्फुसे, त्याचे घर आणि त्याच्या मुलाची शाळा ही प्रयोगाच्या खर्चात पहिल्या ओळीवर धरा. सम्यक आजीविका ही एकट्या मजुराने पाळायची गोष्ट नाही. माणसाला मारणारी उपजीविका ज्या समाजात चालू राहते, तो सबंध समाज त्या अंगाचा भंग करतो.

आपण काय करावयाचे? पहिले, मुलांना पुरे वाक्य शिकवा. धरण कोणी आखले याबरोबर कोणी बांधले, बोगदा कोणी मोजला याबरोबर कोणी खणला, हेही विचारायला लावा. दुसरे, पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास विज्ञानाला द्या. एक दुर्बीण, एक चुंबक, चार पुस्तके एवढ्यावर सुरुवात होते. वर्गणी मिरवणुकीच्या ध्वनिवर्धकाला पुरते, तर एका कपाटाला का पुरू नये? तिसरे, आपली मुलगी विज्ञान शाखा मागते तेव्हा खर्चाचे कारण सांगून तिला मागे ओढू नका. खाणीत उतरलेल्यांचे ऋण फेडण्याचा माझ्या समजुतीप्रमाणे एकच मार्ग आहे. त्यांच्या नातवंडांनी त्या उपकरणासमोर बसावे आणि आलेला आकडा स्वतः वाचावा.

तोपर्यंत प्रत्येक शोधापुढील पूर्णविराम पुसून तेथे ‘आणि’ लिहीत जाऊ या.

नमो बुद्धाय! जय भीम!