संकेत आणि साक्ष

शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने जोडलेला आहे असे न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणतात, तर मीमांसक जैमिनींनी तो औत्पत्तिक, म्हणजे कोणीही न घडविलेला, मानला. आणि डेटाबेस सांभाळणाऱ्यापुढे हा वाद रोजच्या कामातून उभा राहतो.

समजा, मुलुंडच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात सभासदाचे नाव एका रकान्यात आणि अंगठ्याचा ठसा दुसऱ्यात आहे. आत दोन्हीकडे केवळ बाइट. ‘क’ यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ असा साठविला जातो, आणि हेच तीन आकडे ठशातही ओळीने येऊ शकतात. अक्षरे मोजायला सांगितली तर मात्र एकीकडे एक भरते, दुसरीकडे तीन. हा भेद आकड्यांच्या अंगी नाही, तो कॅटलॉगात, म्हणजे कोणता रकाना कोणत्या प्रकारचा हे सांगणाऱ्या डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, नोंदलेला असतो. मायएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली तर टेक्स्ट (मजकूर) आणि ब्लॉब (कच्चे बाइट) हे दोन्ही प्रकार २५२ या एकाच क्रमांकाने बाहेर पाठवते. सोबतचा वर्णसंच-क्रमांक ६३ असेल तर रकाना बायनरी, म्हणजे केवळ बाइटांचा, समजायचा.

येथवर नैयायिकांचा पक्ष बळकट दिसतो. पण कॅटलॉगाचेही रकाने असतातच, आणि त्यांचा प्रकार कोणी सांगायचा? पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत रकान्यांची नोंद ठेवणाऱ्या सारणीत तिच्या स्वतःच्या रकान्यांच्याही नोंदी आहेत. ही अनवस्था, म्हणजे नोंदीला नोंद लागत जाण्याची न संपणारी साखळी, तोडण्यासाठी पहिल्या नोंदी डेटाबेस रचतानाच प्रोग्रॅमकडून घातल्या जातात.

शिवाय हा कॅटलॉग खोटी साक्षही देतो. मराठी नावांचे बाइट बिनचूक असूनही रकान्यापुढे लॅटिन-१ हा वर्णसंच लागला असेल, तर ‘क’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. जाणकार अशा रकान्याचे थेट यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करीत नाहीत, कारण तसे केल्यास ती परकी चिन्हेच इमानेइतबारे नव्या वर्णसंचात उतरतात. ते प्रथम त्याला बायनरी करतात, म्हणजे त्यावरचा अक्षरत्वाचा आरोप काढून घेतात, आणि बाइटांना धक्का न लावता मग खरा वर्णसंच नोंदवितात. पहिली नोंद चुकीची होती हे मात्र कॅटलॉग कधीच सांगत नाही. ते कळते मराठी वाचणाऱ्याला, आणि त्याची भाषा कोणत्याही नोंदीतून आलेली नसून वृद्धव्यवहारातून, वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकत आणि वागणे पाहत, आलेली असते. म्हणून बाइटांपुरता नैयायिकांचा संकेत मान्य करूनही मी अखेर मीमांसकांकडे झुकतो. कारण पहिला संकेत करायचा झाला तरी तो कोणत्या शब्दांनी करायचा, ही त्यांची शंका मला अद्याप निरुत्तरच वाटते.