बनावट बाजाराची साक्ष

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. एरवी स्थिर असलेल्या बाजारावर आलेला तो मोठा आघात होता, की आधीच खवळलेल्या बाजारातला एक वाईट दिवस? उत्तर द्यायचे तर त्या दिवसाची अस्थिरता माहीत हवी. परतावा रोज छापून येतो. अस्थिरता मात्र अनुमानानेच काढावी लागते.

रॉबर्ट एंगल यांचे १९८२ चे ‘आर्च’ आणि टिम बोलर्स्लेव्ह यांचे १९८६ चे ‘गार्च’ या मॉडेलांनी अडचणीतून सोयीची वाट काढली. आजची अस्थिरता कालपर्यंतच्या परताव्यांवरून पूर्णपणे ठरते, असे एकदा मानले की आकडेमोड सोपी होते. ‘स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटी’ मॉडेल ही सवलत घेत नाही. त्यात अस्थिरतेला स्वतःचे, परताव्यापेक्षा वेगळे धक्के बसतात. मला हे जास्त पटते, पण त्याची किंमत जबर आहे. दहा वर्षांत व्यवहाराचे सुमारे अडीच हजार दिवस येतात आणि प्रत्येक दिवसाची न दिसणारी अस्थिरता हिशेबात धरायची, तर अडीच हजार पदरी संकलन सोडवावे लागते. ते कागदावर सुटत नाही.

गुरिएरू, मोंफोर आणि रनो यांनी १९९३ मध्ये मांडलेली ‘अप्रत्यक्ष अनुमाना’ची पद्धत इथे कामी येते. चुकीचे पण हाताळायला सोपे असे एक सहायक मॉडेल, समजा गार्च, मुद्दाम निवडायचे आणि खऱ्या आकड्यांना लावून त्याचे गुणांक टिपून ठेवायचे. मग मुख्य मॉडेलमध्ये, म्हणजे स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटीच्या मॉडेलमध्ये, अंदाजाने प्राचले घालून संगणकावर एक बनावट बाजार चालवायचा आणि त्यालाही तेच गार्च लावायचे. दोन्हीकडचे गुणांक जुळेपर्यंत प्राचले बदलत राहायचे. तराजूला पासंग असला तरी दोन्ही पोती त्याच तराजूच्या त्याच पारड्यात घालून तोलली, तर ती सारखी भरतात की नाही हे कळतेच. दर फेरीला यादृच्छिक आकडे मात्र तेच ठेवावे लागतात. नाही तर प्राचलांमुळे झालेला फरक आणि नशिबाचा फरक वेगळे करता येत नाहीत. बनावट मालिका खऱ्या मालिकेच्या दहापट लांब घेतली, तर या बनावट आकड्यांच्या उसनवारीपायी उत्तराचे प्रचरण (व्हेरियन्स) दहा टक्क्यांच्या आसपासच वाढते.

पण हे सारे मुख्य मॉडेल खरे असेल तर. वित्तबाजारात तसे मनापासून कोण मानतो? ते चुकीचे असले की उत्तर तराजूवर अवलंबून राहते. साध्या गार्चमध्ये परताव्याचा वर्ग येतो, म्हणून घसरण आणि उसळी यांत त्याला फरक दिसत नाही. प्रत्यक्षात शेअर बाजारात घसरणीनंतर अस्थिरता जास्त वाढते. ही असमता नसलेले मुख्य मॉडेल साध्या गार्चच्या परीक्षेत निर्धोक उतरते; चिन्ह ओळखणारे, १९९१ चे नेल्सन यांचे ‘ईगार्च’ लावले की त्याचे व्यंग उघडे पडते. संगणकाने आपल्याला संकलनातून सोडवले, पण काय जुळवून पाहायचे हे ठरवण्यातून सोडवलेले नाही. गॅलंट आणि टॉचेन यांनी १९९६ मध्ये सुचवले की सहायक मॉडेल आकड्यांवरूनच पुरेसे समृद्ध करावे. उपाय चांगला आहे, पण समृद्ध मॉडेल १९ ऑक्टोबर १९८७ सारख्या दिवसांमागेही धावू शकते. त्या दिवशी डाऊ जोन्स २२.६ टक्के पडला होता.

यावर बेझपंथीय म्हणतील की मार्कोव्ह साखळ्यांनी किंवा पार्टिकल फिल्टरने थेट लाइकलीहुडच, म्हणजे दिलेल्या प्राचलांनी हेच आकडे येण्याची शक्यताच, हाताशी येते, मग मधला तराजू हवाच कशाला? पण मुख्य मॉडेल चुकीचे असेल तर लाइकलीहुड हाही एक तराजूच ठरतो. फक्त तो कोणी निवडलेला नसतो, म्हणून त्यावर वाद होत नाही. अप्रत्यक्ष अनुमानात निवड निदान कागदावर दिसते. माझी मागणी एवढीच की दोन वेगळ्या सहायक मॉडेलांनी आलेली उत्तरे शेजारी शेजारी छापावीत. त्यांतला फरक नमुन्याच्या आणि सिम्युलेशनच्या त्रुटीत मावत नसेल, तर दोष मुख्य मॉडेलचा आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्यावरून ऑप्शनची किंमत काढू नये.