राखीव माणसाचे ऋण

आंबागडच्या तटावर उभे राहिले म्हणजे समुद्र आठवावा असे काहीच दिसत नाही. डोंगर, रान, आणि तुमसरकडची भातशेती. तरीही भंडारा जिल्ह्यात पडलेले पाणी वैनगंगेतून प्राणहितेत, तेथून गोदावरीत आणि अखेर समुद्रात जातेच. माणसामाणसांतील ऋणाचेही मला असेच वाटते. ते दिसत नाही म्हणून तुटलेले नसते.

दुसऱ्या महायुद्धात त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीची दोन राखीव दले होती. एकात व्यापारी जहाजांवरील अधिकारी असत. दुसऱ्यात, म्हणजे स्वयंसेवक दलात, समुद्राचा धंदा नसलेले नागरिक घेत. कालपर्यंत घरभाडे नि मुलांच्या शाळेची काळजी वाहणारा गृहस्थ आज तोफेजवळ उभा राही. त्या युद्धात समुद्र हीच ज्यांची कबर झाली, अशा सुमारे साडेसहा हजार हिंदी खलाशांची व नौसैनिकांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहेत.

पण येथे एक प्रश्न टोचतो. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयने देशाच्या प्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. मग या मरणाला कर्तव्य म्हणावे, की परक्याची चाकरी?

मला वाटते, येथे दोन हिशेब वेगळे मांडले पाहिजेत. युद्ध का पुकारले, याचा जाब सत्तेला विचारावा. बुडत्या जहाजावर हा मनुष्य शेजाऱ्याशी कसा वागला, याची नोंद मात्र त्याच्या नावावर करावी. कोणी म्हणेल, "हुकूम होता" या सबबीखाली मग सारेच खपेल! नाही खपणार. निःशस्त्रावर हात उचलणाऱ्याला हुकूम वाचवीत नाही. परंतु सोबत्यांचे प्राण राखताना जो गेला, त्याचे मोल मालकाच्या निशाणावरून ठरत नाही. शिवाय गणवेश चढविला म्हणजे विवेक उतरतो असेही नाही. त्याच आरमाराच्या नौसैनिकांनी 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार'वर बंडाचा आवाज उठविला.

पुढे निशाण आपले झाले. समुद्र तोच राहिला. 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. ते पेशाने नौसैनिक होते, राखीव दलातले नव्हते. पण त्या घटकेला हा भेद कोठे उरला? पाण्याने तो ओळखला नाही. आपण तरी का ओळखावा?

राखीव माणूस आपल्याला अधिक अस्वस्थ करतो, याचे कारण तो आपल्यातलाच असतो. वीर म्हणून त्याला दूर मखरात बसविणे सोपे आहे. शेजारी म्हणून आठवणे अवघड.

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो. अपमृत्यू टळावा ही प्रार्थना बहुधा आपल्याच घरापुरती असते. ती उंबऱ्याबाहेर, ज्यांचे नावही आपण कधी वाचले नाही त्यांच्यापर्यंत नेली, तर त्या ऋणाचा एखादा हप्ता तरी फिटेल.