वात्सल्याला पोट असते
भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा पुढे उजनी धरणात विसावते. तिथल्या जाळ्यांत भरून येणारी चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. तिची मादी फलित अंडी तोंडात धरते. गालफडे फुगलेली, पोट खपाटीला. मधूनमधून जबडा हलवत ती अंडी घोळवते, म्हणजे सगळ्यांना ताजे पाणी मिळते. पिल्ले पोहू लागली, तरी धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. हे दोन-तीन आठवडे आई जवळजवळ उपाशीच असते. संतांनी मायेसाठी कासवीच्या नजरेचा दृष्टान्त दिला. चिलापी तेव्हा इथे असती, तर तिचाही दिला असता.

पण हीच मादी कधी अंडी गिळूनही टाकते.

हे पाप म्हणायचे का? अमेरिकी जीवशास्त्रज्ञ सीव्हर्ट रोव्हर यांनी १९७८ मध्ये मांडले, की ज्या माशांत अंड्यांची राखण नर करतो, तिथे त्या नराला चरायला दूर जाता येत नाही. थोडी अंडी खाऊन तो तग धरतो आणि उरलेली जगवतो. अन्न तुटपुंजे असले की मादीची अंडीही घटतात, विणीची पुढची खेप लांबते. यावरून कुणी म्हणेल, वात्सल्य म्हणजे निव्वळ भुकेचा हिशेब. ते पटत नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगूला ब्रह्म प्रथम अन्नात दिसते. पुढे तो आनंदापर्यंत पोहोचतो, पण उपदेश तिथे थांबत नाही, तो अन्नाकडे परततो: अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावे. माया अन्नावर उभी आहे म्हणून खोटी ठरत नाही. तिला पाय आहेत, एवढेच त्यातून कळते.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पहिला जोराचा पाऊस झाला, की चढणीचे मासे ओढ्यांतून वर येतात. त्यांतले बरेचसे अंडी घालून निघून जातात, मागे वळूनही पाहत नाहीत. तरी त्यांना निष्ठुर म्हणता येणार नाही. नव्या पाण्याच्या उथळ डबक्यांत, भातखाचरांत शेवाळ आणि बारीक किडे माजलेले असतात. पिल्लांचे दाणापाणी तिथे आधीच मांडलेले असते. जागा आणि वेळ साधणे, हीच त्या आईबापांची काळजी. खाचरात विषारी औषध फवारले की हे किडे-शेवाळ मरते. पिल्लांच्या तोंडचा घास काढल्याचा दोष द्यायचाच, तर अंडी गिळणाऱ्या आईआधी तो या फवारणीला द्यावा लागेल.