न झालेल्या प्रवासाची साक्ष

पौलाला स्पेनला जायचे होते. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो हा बेत दोनदा सांगतो. आधी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोचती करायची, मग रोमला थांबून पुढे स्पेन. झाले वेगळेच. यरुशलेमेत त्याला अटक झाली, दोन वर्षे कैसरियात कैदेत गेली, समुद्रात जहाज फुटले आणि रोमला तो पोचला तो बंदिवान म्हणून. पुढे त्याची सुटका झाली व तो पश्चिमेकडे गेला, असे मानणारी एक जुनी परंपरा आहे, पण नवा करार त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक रोममधल्या भाड्याच्या घरातच संपते. संडेस्कूलच्या भिंतीवर पौलाच्या यात्रांचा नकाशा असतो. त्यात स्पेनकडे जाणारी रेघ सहसा नसते.

या न काढलेल्या रेघेबद्दल ख्रिस्ती मंडळीत आपण फार कमी बोलतो. आमच्याकडे साक्ष देण्याची रीत आहे. नोकरी लागली, आजार हटला, घर झाले, की माणूस उपासनेत उभा राहतो आणि प्रभूचे आभार मानतो. रीत चांगलीच आहे. पण जे झाले नाही त्याची साक्ष द्यायला कोणी उठत नाही. त्यासाठी दोन वाक्ये तयार असतात. एक, ‘प्रभूची इच्छा नसेल.’ दुसरे, ‘प्रभूची वेळ यायची आहे, धीर धर.’ पहिल्याने तोंड बंद होते आणि दुसऱ्याने प्रश्न पुढे ढकलला जातो. दोन्ही वाक्ये श्रद्धेची वाटतात. माझ्या मते त्यांत श्रद्धेपेक्षा सोय जास्त आहे, आणि ही सोय बायकांना जास्त महाग पडते.

माझे न झालेले म्हणजे लेह. मनालीहून बारालाचा आणि तंगलांग ला ओलांडून, स्वतःच्या बुलेटवर. माझे वडील पाळक. शेवगाव-पाथर्डीकडच्या खेड्यांतल्या उपासना ते येझदीवर फिरून घेत. त्या गाडीचा गिअरचा दांडा आत दाबून उभा केला की त्याचीच किक व्हायची, हे मला अक्षरओळखीइतके जुने आठवते. भाऊ दहावीला गेला तसा वडिलांनी त्याला मैदानावर नेऊन गाडी शिकवली. मला सांगितले, “बाळ, तू मागं नीट धरून बस.” त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. मला शिकवावे हे त्यांच्या डोक्यातच आले नाही.

नोकरी लागल्यावर मी जुनी बुलेट घेतली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हिला बटण नाही. डीकॉम्प्रेसरची कळ दाबून धरायची, किक हळूहळू खाली नेत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, कळ सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग एकदाच अंगाचे वजन टाकायचे. घाई केली तर किक उलटी येते आणि नडगीवर बसते. ताकदीपेक्षा यात अंदाज लागतो. चर्चच्या आवारात एक तरणाबांड पोरगा तिला लाथा घालून घामाघूम झाला तेव्हा मी त्याला बाजूला केले आणि एका किकेत गाडी सुरू केली. त्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते. “ताई, तुमची गाडी तुम्हालाच ओळखते,” म्हणाला. गाडी कोणाला ओळखत नाही. काटा मध्यावर यावा लागतो, एवढेच.

या गाडीवर माळशेज झाला, भंडारदरा झाला, कोकणही झाले. लेह राहिले. शाळामास्तरणीला मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि आमच्या उमेदीच्या काळात मनाली-लेह रस्ता बर्फातून मोकळा व्हायचा तो जूनच्या आसपास, म्हणजे इकडे शाळेची घंटा वाजायच्या वेळी. पुढे सासूबाईंचे लांबलेले आजारपण. नंतर माझे मणके; आता लांबचा पल्ला झेपणार नाही असे डॉक्टर सांगतात. दरम्यान २०२० साली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि लेहला जायला रोहतांगची खिंड चढायची गरजच उरली नाही. ज्या वाटेने जायचे मी ठरवले होते ती वाटही आता पूर्वीची नाही.

हे ऐकून महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, “जाऊ दे गं, प्रभूची इच्छा नव्हती.” मावशींचा हेतू सांत्वनाचा होता. पण मला ते पटत नाही. सासूबाईंची शुश्रूषा मी मनापासून केली; त्याला त्याग म्हणून त्यांची आठवण मला बाटवायची नाही. मणक्यांचा दोष कोणाचाच नाही. सुट्ट्यांचे वेळापत्रक सरकारी. पण गाडी भावाला शिकवायची आणि मला नाही, हे माणसांनी ठरवले. एकट्या बाईने इतक्या लांब जाणे शोभत नाही, हेही माणसांनीच ठरवले. ही वेगवेगळी देणी आहेत. ‘प्रभूची इच्छा’ म्हटले की ती सगळी एकाच खात्यावर टाकली जातात, आणि ज्याचे देणे त्याच्याकडे मागायची वेळच येत नाही.

याबाबत पौल आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहे. त्याच्या प्रवासात अडथळे पुष्कळ आले, पण सगळ्यांचे कारण त्याला एक दिसत नाही. बिथुनियात जायला येशूच्या आत्म्याने मना केले, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. थेस्सलनीकाकरांकडे यायचे राहिले, तिथे तो सरळ सैतानाला जबाबदार धरतो. आणि रोमला यायला उशीर का झाला, तर इतर ठिकाणचे काम संपत नव्हते, असे तो लिहितो. एक आत्म्याचे, एक सैतानाचे, एक कामाच्या रगाड्याचे. प्रत्येक बंद दार देवानेच लावले, असे पौल म्हणत नाही. मग आपण का म्हणावे?

म्हणण्याचे कारण आहे. बाईच्या फिरण्याला नाव काय द्यायचे हे आपल्याकडे आधीच ठरलेले असते. पाळकाच्या गाडीला सेवा म्हणतात, माझ्या गाडीला हौस. वास्तविक या मातीतल्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यात बायबलबायांच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे. पुस्तकांची पिशवी घेऊन त्या वाड्यावस्त्यांवर गेल्या, पुरुष प्रचारकाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागे अशा घरांत शिरल्या. त्यांच्या वाटचालीचे नकाशे कुठल्या भिंतीवर नाहीत. कवी नारायण वामन टिळक घरात न सांगता निघून जात. त्याला आपण वैराग्य म्हणतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका परक्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, ही गोष्ट आम्ही कौतुकाने सांगतो. पण त्यांच्या प्रत्येक प्रवासाची घरी काय किंमत पडली, हे कळते ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून. या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी इंग्रज बाया ६०० सीसीच्या पँथर मोटारसायकलला साइडकार आणि मागे ट्रेलर जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये केपटाउनला पोचल्या. एकीकडे बायका खंड पार करत होत्या, दुसरीकडे एक मराठी बाई मागे राहिलेल्याची बाजू लिहीत होती. मला दोन्ही धाडसे सारखीच वाटतात.

लक्ष्मीबाईंनी आणखी एक केले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या या बाईंनी ते महाकाव्य पुढे नेले. फिरणाऱ्या माणसाचे राहिलेले काम घर सांभाळणारीने हाती घेतले, पण कौतुकाचा मोठा वाटा आजही फिरणाऱ्याच्याच पदरात पडतो.

इथे पंडिता रमाबाईंचे उदाहरण हमखास दिले जाते. लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी तीर्थयात्रा केलेल्या रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण त्यांना घेता आले नाही. पुढे अमेरिका, शारदा सदन, दौंडजवळच्या केडगावचे मुक्ती मिशन आणि अखेरीस बायबलचे मराठी भाषांतर, असे अफाट काम त्यांनी केले. मग प्रवचनात निष्कर्ष निघतो: पाहा, प्रभूने डॉक्टरकीचे दार लावले ते यासाठीच. मुक्तीच्या आवारात मी अनेकदा गेले आहे. नगरहून दौंडमार्गे चौफुल्याला जायचे, तिथून आत वळायचे, उसाच्या ट्रॉल्या आणि गुऱ्हाळांचा वास मागे टाकत. रमाबाईंच्या काळात इथे मुलींनी छापखान्यात खिळे जुळवले, हे आठवले की छाती भरून येते. तरीही तो निष्कर्ष मला घिसाडघाईचा वाटतो. मिळाले ते मोठे होते म्हणून गेलेले लहान ठरत नाही. डॉक्टर झालेल्या रमाबाईंनी काय केले असते ते कोणालाच ठाऊक नाही. बहिरेपण हे नुकसान होते. त्याला नुकसान म्हणूनही देवाचे आभार मानता येतात.

आता उलट बाजू. एक, मोटारसायकलवरच्या अशा लांब प्रवासात जीव जातो, आणि शरीर ही देवाने सोपवलेली ठेव आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचवले गेले तेव्हा त्याने साफ नकार दिला. म्हणून नव्या गाडीवर पाळकसाहेबांकडून प्रार्थना करून घेऊन हेल्मेटशिवाय निघणारा माझ्या लेखी भाविक नाही. हेल्मेटची सक्ती चालवणाऱ्यावर आणि मागे बसणाऱ्यावर, दोघांवर आहे. मात्र धोक्याचा हा मुद्दा मुलग्याला गाडी घेऊन देताना निघत नाही, मुलीच्या वेळी निघतो. मुद्दा खरा असेल तर तो दोघांना लागू करा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एवढा पैसा आणि वेळ गरजूंसाठी का नाही? यावर माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही, आणि रस्ता हीच माझी उपासना असले वाक्य मी बोलणार नाही, कारण ते खोटे आहे. रस्त्यावर कुठे थांबायचे, कोणाशी बोलायचे हे मी ठरवते. चर्चमध्ये न निवडलेल्या माणसांशेजारी बसावे लागते, त्यांच्याबरोबर एकाच भाकरीचा वाटा घ्यावा लागतो. ते अवघड आहे आणि त्याला पर्याय नाही. मोटारसायकलने मला जास्त पवित्र केलेले नाही. तिने आनंद दिला. आनंदाला दरवेळी सेवेचा दाखला मागायचा, ही कंजूषी मला देवाच्या अंगावर घालता येत नाही.

बायबलमध्ये देवाने स्वतः लावलेले दारही आहे. मोशेला वचनदत्त देश नबो डोंगरावरून दाखवला आणि पलीकडे जाऊ दिले नाही. पण ‘अनुवाद’ या पुस्तकात त्याआधीची मोशेची विनवणीही लिहून ठेवली आहे. मला जाऊ दे, असे त्याने मागितले. उत्तर नकाराचे आले. मोशे नाराज नव्हता, त्याला त्याहून चांगले काही मिळाले, असली मलमपट्टी तिथे नाही. खुद्द देवाच्या इच्छेपुढे मोशेला मागणे मांडता आले, तर नातेवाइकांच्या इच्छेपुढे आमच्या मुलींनी गप्प का बसावे?

त्याच नबोवर चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची ख्रिस्ती बाई चढली आणि मोशेने पाहिलेला देश तिने पाहिला. सीनायही तिने पाहिला. घरच्या भगिनींना तिने लिहिलेल्या वृत्तान्ताची सुरुवात आणि शेवट हरवलेली प्रत १८८४ साली इटलीत सापडली. कॉन्स्टँटिनोपलला पोचल्यावर ती लिहिते की, आता इफिसला जायचा विचार आहे. ती गेली का, हे हाती असलेल्या पानांतून कळत नाही. आणि पौलाच्या त्या पत्राचे काय झाले? सोळाव्या अध्यायाच्या आरंभी तो किंख्रियाच्या फिबीची शिफारस करतो. ते पत्र रोमला तिनेच नेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या पत्रात पौल आपला स्पेनचा बेत सांगतो, ते पोचवण्यासाठी एका बाईने समुद्र ओलांडला. पौलाचा प्रवास झाला की नाही हे नक्की सांगता येत नाही; फिबीचा बहुधा झाला. आपण मात्र पहिल्यावर प्रवचने करतो आणि दुसरीचे नाव यादीत वाचून पुढे जातो.

म्हणून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझे मागणे आहे. साक्षीच्या वेळी न झालेल्या गोष्टींनाही जागा द्या. कोणी तसे सांगितले तर लगेच अर्थ लावू नका. ‘प्रभूची इच्छा नव्हती’ म्हणण्याआधी विचारा, नक्की कोणाची नव्हती? आणि घरातल्या मुलाला गाडी शिकवाल त्याच दिवशी मुलीलाही शिकवा. पुढे ती लेहला जाईल किंवा जाणार नाही. न गेली, तर निदान कारण खरे सांगता येईल.